स्टुलाचा चौथा पाय

बारा माणसांनी रोज तीन तास एकाच तांब्याकडे टक लावून बघितलं की काहीतरी होतंच. तांब्याला नाही, माणसांना. आमच्या ड्रॉइंग क्लासचं तेच झालं. वर्ष संपलं तेव्हा चित्रं रद्दीत गेली आणि किस्से घरी आले. अजून जागा अडवून बसलेत.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. पंचवटीत पिठाच्या गिरणीच्या माडीवर शेवाळे सरांचा क्लास होता. ड्रॉइंग मास्तर व्हायचं तर एक परीक्षा द्यावी लागायची, तिची तयारी. सगळ्यात जास्त गरज भिका पवारला. तो हरसूलचा. गावच्या शाळेत ड्रॉइंग मास्तरची जागा रिकामी होती आणि हेडमास्तरांनी त्याला सांगून ठेवलेलं, एक वर्ष थांबतो, पुढं नाही. पण परीक्षेच्या फॉर्मवर सरांची सही लागायची, आणि सर भिकाला सही देईनात. का, तर त्याला आकार जमायचा, पण त्यात भरीवपणा यायचा नाही. भिकाचा चेंडू म्हणजे भाकरी.

"थापतोस मात्र छान," असं शकुंतला गायकवाड म्हणायची. ती आमच्यात सगळ्यात हुशार, त्यामुळे तिला कोणी उलट बोलायचं नाही.

हरसूलची एसटी रोज लेट. म्हणून भिकाला कायम शेवटचं स्टूल मिळायचं, माझ्या पलीकडचं, पार भिंतीला चिकटलेलं. टेबलावर मांडलेल्या वस्तू बाकीच्यांना समोरून दिसायच्या, मला तिरप्या, त्याला एकदम बाजूनं.

*

खाली गिरणी सुरू झाली की वर टेबल थरथरायचं आणि तांब्या सरकायचा. सरकताना दिसायचा नाही, पण चारला मधोमध असलेला तांब्या सहाला कडेवर असायचा.

एकदा सर चित्रं तपासायला उठले, तर प्रत्येकाचा तांब्या वेगळ्याच जागी. सर तापले. शकुंतला शांतपणे म्हणाली, "सर, माझा सव्वाचारचा आहे." मग सगळ्यांनीच आपापली वेळ सांगितली. माझा पावणेपाचचा होता.

भिकाचा नंबर आला. तो म्हणाला, "सर, माझा आता पडणार हाय."

पडला. भिकानंच झेलला.

*

एके दिवशी चित्राला स्टूल होतं. भिकाच्या बाजूनं तीनच पाय दिसत होते, यानं चार काढले. सरांनी एक खोडला. भिकानं परत काढला. सरांनी परत खोडला आणि म्हणाले, "जे माहीत आहे ते काढू नकोस. जे दिसतं ते काढ."

भिकानं त्या तीन पायांकडे बघितलं. मग म्हणाला, "पण सर, याच्यावर बसणार कोण?"

सर उठून पुढच्या चित्राकडे गेले. दुसऱ्या दिवशी क्लासला आले आणि आपल्या स्टुलावर बसायच्या आधी वाकून खाली बघून घेतलं.

*

माप घ्यायची एक पद्धत असते. हात लांब करायचा, एक डोळा मिटायचा, आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवत मोजायचं. माणसाच्या उंचीत त्याचं डोकं किती वेळा बसतं हे त्यातून कळतं. सर म्हणाले, दिसेल त्याला मोजा. मी भिकाला सोडायला गेलो होतो, तेव्हा त्यानं हे एसटी स्टँडवर मनावर घेतलं. समोर घोटीच्या बसची वाट बघत एक बाई उभ्या होत्या. यानं डोळा मिटला.

त्यांचे मिस्टर आले. माणूस आडवातिडवा. मी चार पावलं मागं झालो आणि बसचं टाइमटेबल वाचायला लागलो.

"काय चाललंय?"

"मोजतोय," भिका म्हणाला. "काकू सहा डोक्यांच्या हायेत."

मिस्टरांनी जरा विचार केला. "आणि मी?"

मग ते खांबाला टेकून ताठ उभे राहिले. भिकानं दोनदा मोजलं, कारण पहिल्यांदा ते हलले. तेवढ्यात घोटीची बस सुटली. साडेसहा भरले. मिस्टर बायकोकडे वळून एवढंच म्हणाले, "बघ."

*

भिकाला गोलाई कळावी म्हणून शेवटी सरांनी गिरणीवाल्या तात्यांना वर बोलावलं. तात्यांना पूर्ण टक्कल. सर छडीनं दाखवायचे, "इथं उजेड. इथं सावली. मधे दोन्हीचं मिश्रण. रेघ दिसते का कुठं?" तात्या दोन दिवस दगडासारखे बसले. तिसऱ्या दिवशी, चित्र चांगलं यावं म्हणून, डोक्याला तेल चोपडून आले. आता टकलात खिडकी दिसायला लागली. शकुंतलानं ती गजांसकट काढली.

तात्यांनी सगळी चित्रं फिरून बघितली. "मला गज कशाला घातले?" म्हणाले. भिकानं एक गोल काढून त्याला दोन कान लावले होते. तात्यांनी तेच उचललं. "हा मी," म्हणाले, आणि नेऊन गिरणीत लावलं.

सरांनी तरी सही दिली नाही.

*

फॉर्म पाठवायच्या आदल्या दिवशी सरांनी शेवटची संधी ठेवली. काय मांडणार ते आधीच सांगितलं होतं, तांब्या आणि शेजारी पांढरा लाकडी चेंडू. नीट काढेल त्याला सही. गिरणीला त्या दिवशी सुट्टी होती.

मी सगळ्यांच्या आधी गेलो. चेंडू पिशवीत टाकला आणि त्याच्या जागी पुठ्ठ्याची गोल चकती मेणानं उभी केली. दोन दिवस खपून तिच्यावर शेडिंग केलं होतं. समोरून बघितलं तर साक्षात चेंडू. चित्रं झाली की चकती उचलायची आणि सगळ्यांची तोंडं बघायची, एवढीच चेष्टा. भिका बाजूला बसतो, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

अर्ध्या तासानं लक्षात आलं. भिका सारखा डोळे चोळत होता. काढत होता, खोडत होता. सांगावं तर चकती माझी. न सांगावं तर वर्ष त्याचं. मी मान खाली घालून काढत राहिलो.

सर भिकाकडे आले. तांब्या असा उतरला होता की हात घालून उचलावा. शेजारी मात्र एक उभी बारीक पट्टी.

"चेंडू कुठाय?"

भिकानं पेन्सिल खाली ठेवली. "सर, दिसतं ते काढलंय," म्हणाला. "माहीत हाय ते नाय काढलं."

सरांनी त्याला उठवलं. त्याच्या स्टुलावर बसले, एक डोळा मिटला. तिथून त्यांनाही पट्टीच दिसली. मग खिशातून पेन काढून भिकाच्या फॉर्मवर सही केली.

उठून त्यांनी चकती हातात घेतली आणि कोणाची म्हणून विचारलं. मी हात वर केला. ते माझ्याजवळ आले. माझं स्टूल भिकाच्या शेजारीच. तिथून टेबलावर ती चकती पिळलेल्या लिंबासारखी दिसली होती. माझ्या कागदावर मात्र गरगरीत गोल चेंडू होता, सावलीसकट, एक नंबर.

"चकती तूच केलीस ना?"

"हो सर."

"मग हा चेंडू तुला कुठं दिसला?"

मी कागदाकडे बघितलं. चकतीकडे बघितलं. परत कागदाकडे बघितलं.

भिकानं आपलं रिकामं स्टूल थोपटलं. "ये," म्हणाला, "बस हितं."