उन्हातली जागा

थंडीत आमची इवलीशी शाळा अंगणातल्या उन्हात भरते. ऊन सरकेल तशी पोरं बसकरपट्टी सरकवतात. हे ऊसतोडीचे दिवस. आईबाप पोरांनाही सोबत नेतात, म्हणून हजेरी घेताना प्रत्येक नावाला मी मान वर करून बघते.

आज "रेणुका" म्हटलं, तर ओ आली नाही. काल तिच्या दारात ट्रॅक्टर पाहिला होता. पोरांनी गुपचूप पट्टी सरकवली, पण तिची जागा उन्हातच मोकळी ठेवली. गेलेल्याची जागा सावलीत ढकलायला आम्हा मोठ्यांना दोन दिवस पुरतात.

तेवढ्यात रेणुका धापा टाकत आली आणि त्या जागेवर बसली.

"हजर, बाई! गाडी जेवणाच्या सुट्टीत निघणार आहे. आज गणित आधी घ्या ना."