ठमीचा उंबरठा

आधी माझा दुसरा कप भरा, मग सांगते. आणि साखर नेहमीएवढीच घाला. चहावरून मला कोणी काही बोलायचं नाही, कारण माझा चहा एकदा चांगला तोडलेला आहे, आणि तोही फुकटात. आता काय सांगू तुम्हाला, कोणी तोडला, कशापायी तोडला आणि मी कशी मान डोलावत गेले! तुम्ही हसणार, ते मला माहीत आहे. हसा.

तेव्हा आम्ही इथे छावणीत नव्हतो. यांचं पोस्टिंग बबिन्याला, रणगाड्यांच्या युनिटमध्ये, आणि तिथे क्वार्टर काही मिळेना. म्हणून झाशीत प्रेम नगरला वरचा मजला भाड्याने घेतला. एक खोली, एवढंसं स्वयंपाकघर आणि दारासमोर ऐसपैस गच्ची. खाली घरमालकीण, अम्माजी. बाई एकट्याच, पण अख्ख्या गल्लीचा कारभार त्यांच्या अंगणातून चालायचा. मला त्या 'बिन्नू' म्हणायच्या. तिकडे बुंदेलीत लेकीबाळींना म्हणतात तसं. सकाळी माझी अंघोळ-स्वयंपाक होईपर्यंत आमची लेक त्यांच्याच अंगणात असायची.

लेकीचं नाव स्वरा, पण तिच्या गालांकडे बघून कोणाला ते आठवत नाही. सगळे ठमीच म्हणतात. तर या ठमीने बापाशी काय वैर धरलं होतं कोण जाणे! हे शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. बाईसाहेब पालथ्या पडल्या बुधवारी. पहिला दात दिसला तेव्हा हे फायरिंग रेंजवर. रांगायला लागली तेव्हा हे कुठल्याशा कोर्सला. पहिल्यांदा 'बाबा' म्हणाली, तेही गॅस सिलिंडरवाल्या भैयाला! तो बिचारा घाबरून पायऱ्या उतरला.

मी आपली प्रत्येक गोष्ट फोनवर रंगवून सांगायची. हे "अरे वा" म्हणायचे. एकदा मात्र "अरे वा" म्हणून थांबले नाहीत. मग म्हणाले, "पहिलं पाऊल तरी मला बघू दे गं."

मला गलबलून आलं. रणगाडा चालवणारा माणूस आणि आवाज एवढासा.

त्यात आमच्या सासरी, कराडला, एक रीत. मूल पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी उंबरठा ओलांडतं तेव्हा बापाने पलीकडे बसायचं, हात पसरायचे, आणि पोर पोचलं की त्याला गूळ-खोबरं भरवायचं. आईने अलीकडून सोडायचं आणि बापाने पलीकडे घ्यायचं. सासूबाईंनी त्यासाठी सुकं खोबरं पार्सलने पाठवूनही दिलं होतं. झाशीत काय खोबरं मिळत नाही? पण नाही, घरचंच हवं.

आणि एका रविवारी मी ठमीला यांच्या ताब्यात देऊन सदर बाजारात जाऊन आले. परत येते तर काय, भांडी घासलेली, ओटा पुसलेला, आणि हे कान लाल करून उगाचच हसतायत. मी मनात म्हटलं, काहीतरी फोडलंय. कपबशा बघितल्या, मिक्सर बघितला, देव्हारासुद्धा बघितला. काही सापडलं नाही. तुम्ही हा रविवार लक्षात ठेवा. मी ठेवला नाही, तिथेच चुकलं.

त्यानंतरच्या मंगळवारी मी पोळ्या लाटत होते. सहज मागे बघितलं, तर ठमीने पलंगाची कड सोडली आणि डुलत डुलत कपाटापर्यंत चालत गेली. तव्यावरची पोळी करपली. मी रडले, हसले, तिला छातीशी धरलं, यांना फोन करायला घेतला आणि यांचा तो एवढासा आवाज आठवला.

फोन खाली ठेवला. ठरवलं, आपण हे पाहिलंच नाही. शनिवारी हे येतील, उंबरठ्यापलीकडे बसतील, ठमी चालेल, आणि पहिलं पाऊल बापाच्या नावावर लागेल. चार दिवस तर गप्प बसायचंय. त्यात काय मोठंसं?

शुक्रवारी यांचा फोन. एक्सरसाइज वाढली, हा शनिवार नाही, पुढच्याचंही नक्की नाही.

झालं! इकडे ठमीला चालण्याची चटक लागलेली. मी तिला कडेवर घेऊन घेऊन माझी कंबर वाकडी झाली. कोणी आलं आणि ही उठून उभी राहिली, की मी पटकन खाली बसवून मूठभर मुरमुरे हातात द्यायची. ती खूश. सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला की तिला सरळ अंघोळीच्या टबात ठेवायची, म्हणजे उठून चालायला नको. कोरड्या टबात, कपड्यांसकट. सासूबाई म्हणायच्या, अगं, ही पोर सारखी टबात का? मी म्हणायची, आई, झाशीचा उन्हाळा. बाहेर तेव्हा लोक स्वेटर घालत होते.

मग त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला, चालते का? मी म्हणायची, नाही हो अजून. त्या म्हणायच्या, माझा संदीप या वयात अंगणभर पळत होता. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी यांनाच फोन लावला, पोरीला डॉक्टरला दाखव म्हणून.

आणि हे काय म्हणाले असतील? "चालेल गं, काय घाई आहे?" मला इतका राग आला! म्हणजे पोर चालत होती, ते मला माहीत होतं. पण यांना कुठे माहीत होतं? यांच्या लेखी तर ती चालत नव्हती, मग बाप म्हणून थोडी तरी काळजी नको? मी फोनवर चांगलं सुनावलं. वर म्हणतात कसे, "तू जास्त लक्ष ठेव तिच्यावर. एकटं सोडू नकोस. काय सांगावं, अचानक चालेल."

आता अम्माजी. एका सकाळी त्यांनी जिन्यातच गाठलं. "काए बिन्नू, मोड़ी चलन लगी?" मोड़ी म्हणजे पोरगी.

मी डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, "नहीं अम्माजी, अभी कहाँ."

अम्माजी माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, काळजी करू नकोस, आमच्याकडे याला उपाय आहेत.

पहिला उपाय म्हणजे मी रोज पहाटे अनवाणी, लेकीला कडेवर घेऊन, गल्लीच्या टोकाच्या कडुनिंबाला फेऱ्या घालायच्या. थंडीत! ठमी शालीत गुरगुटून झोपलेली, आणि माझे पाय बर्फ. दूधवाला रोज थांबून बघायचा. एकदा त्याने विचारलं, "भाभीजी, मन्नत है?" मी म्हटलं, "है भैया." दुसरं काय सांगणार?

काही दिवसांनी अम्माजींनी पुन्हा विचारलं, चालली का? म्हटलं, नाही. तर दुसरा उपाय. मूल चालेपर्यंत आईने चहा सोडायचा. मी म्हटलं, अम्माजी, चहाचा आणि पायांचा काय संबंध? त्या म्हणाल्या, आईची गोडी सुटते तेव्हाच लेकराचं पाऊल सुटतं. आता एवढं बोलल्यावर नाही कसं म्हणणार? आणि खरं तर तिथेच सांगून टाकायला हवं होतं, की बाई गं, पोर चालते, माझा चहा सोड. पण अम्माजींना सांगितलं की दुपारपर्यंत गल्लीला कळणार, आणि शनिवारी हे गल्लीत शिरले की कोपऱ्यावरच कोणीतरी पेढे मागणार. म्हणून बसले गिळून. कपाळ दुखायचं, चिडचिड व्हायची, आणि खालून अम्माजींच्या आल्याच्या चहाचा वास बरोबर चार वाजता वर यायचा.

तिसरा उपाय सगळ्यात जबरदस्त. आईने स्वतः पाट्यावर उडदाची डाळ वाटायची, वड्या घालायच्या, गच्चीवर वाळवायच्या. वडी जशी सुकेल तशी पोरीच्या पायांत ताकद येईल. डाळ अम्माजींची, पाटा अम्माजींचा, हात माझे. वाटून वाटून खांदे निखळले. वड्या मात्र सुरेख झाल्या. वाळल्यावर अम्माजींनी डबे भरले आणि एक मोठा डबा गरौठ्याला, स्वतःच्या लेकीच्या सासरी, पाठवला. मी विचारलं, तो कशाला? तर म्हणाल्या, वाटल्याशिवाय फळ मिळत नाही.

शेवटी हे आले. शनिवारी संध्याकाळी आले, आणि मी रविवारची सकाळ गाठली. गूळ-खोबऱ्याची ताटली तयार. अम्माजींना वर बोलावलं. माझा फोन पिंपाला टेकवून ठेवला, दाराकडे तोंड करून, आणि सासूबाईंना व्हिडिओवर घेतलं. यांना म्हटलं, सहज करून बघू या. नाही चालली तर नाही.

हे म्हणाले, हो हो, सहजच. आणि गच्चीवर उंबरठ्यापलीकडे मांडी घालून बसले, ताटली बाजूला ठेवून. चेहरा अगदी निरागस! मला मनातून भरून आलं. म्हटलं, बिचाऱ्याला काही कल्पना नाही, आता कसा उडेल बघा.

मी ठमीला अलीकडे उभी केली आणि हात सोडला.

ठमीने बापाकडे बघितलं. अम्माजींकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग धपकन खाली बसली आणि मुरमुऱ्यांसाठी हात पुढे केला.

पुन्हा उभी केली. पुन्हा धप्प. पुन्हा हात. चार माणसं बघायला लागली की बसायचं आणि मुरमुरे खायचे, हे इतके दिवस शिकवलं कोणी? मीच ना! हे म्हणाले, राहू दे गं, लहान आहे. फोनमधून सासूबाई म्हणाल्या, डॉक्टर, डॉक्टर. माझ्या डोळ्यांसमोर तो निंब, ते गार पाय, तो चहा, तो पाटा सगळं आलं, आणि माझा तोल गेला.

"अगं चाल की ठमे! रोज तर घरभर चालतेस!"

गच्चीवरचं कबुतरसुद्धा दचकून उडालं.

"रोज?" हे म्हणाले.

मग काय, सांगितलं सगळं. मंगळवार, पोळी, टब, सगळं. सांगता सांगता रडू आलं. म्हटलं, तुम्हाला पहिलं पाऊल दाखवायचं होतं हो. हे उठून आत आले, माझ्याशेजारी बसले. कान पुन्हा लाल. खिशातून स्वतःचा फोन काढला आणि एक व्हिडिओ लावला.

व्हिडिओत आमचीच खोली. ठमी पिवळ्या झबल्यात, पलंगापासून यांच्याकडे चालत येतेय. मागे ओट्यावर न घासलेली भांडी. तोच रविवार! मी सदर बाजारात होते तेव्हाचा!

"वर्षभर रात्रंदिवस तू केलंस तिचं," हे म्हणाले, "आणि पहिलं पाऊल मी पाहुण्यासारखं येऊन बघून गेलो. मला तुला सांगवेना गं. म्हटलं, तुला दिसेल तेच पहिलं म्हणू."

म्हणजे मी यांच्यापासून जे लपवत होते, तेच हे माझ्यापासून लपवत होते. माणसावर रागवावं की त्याला मिठी मारावी? अम्माजी समोर, सासूबाई फोनमध्ये. मी नुसती पदराने नाक पुसत बसले.

तेवढ्यात अम्माजी हसायला लागल्या. पोट धरून. म्हणाल्या, तुम्ही दोघं कसलं पहिलं पाऊल घेऊन बसलात? मोड़ी त्याच्याही आधीपासून माझ्या अंगणात तुळशीपर्यंत चालत जाते.

"मग सांगितलं का नाही?" मी म्हटलं.

"माँ से पहले हम काए बताते? सोचा, खुद देख लेगी, खुस होगी."

"मग ते उपाय? निंब? माझा चहा?"

अम्माजींनी चष्मा पुसला. "बे मोड़ी के लाने थोड़ी हते, बिन्नू. हमसे झूठ बोलबे बारी के लाने हते."

ऐकलंत? ते पोरीसाठी नव्हतेच, माझ्या खोटं बोलण्यावर होते! आणि खरंच, एक तरी उपाय ठमीला होता का? अनवाणी मी, चहावाचून मी, डाळ वाटणारी मी. पोर मजेत शालीत झोपलेली! मी उसळलेच. म्हटलं, आणि वड्या? गरौठ्याला गेल्या त्या? अम्माजी म्हणाल्या, लेकीला फार आवडल्या, आणखी मागतेय. हे तोंडावर हात धरून हसायला लागले. मी यांच्यावर घसरले, तुम्ही हसता काय, तुम्ही वेळेवर सांगितलं असतं तर माझा चहा तरी वाचला असता. हे म्हणाले, तू सांगितलं असतंस तर? असं आमचं जोरात जुंपलं, अम्माजी मधेच तेल ओततायत, आणि पिंपापाशी फोनमध्ये सासूबाई काहीतरी ओरडतायत, पण ऐकतोय कोण!

शेवटी त्यांचा आवाज असा चढला की आम्ही तिघंही गप्प झालो.

"अरे, दाराकडे बघा की!"

आम्ही वळलो. उंबरठ्यापलीकडे, जिथे यांनी बसायचं होतं तिथे, गच्चीवर, ठमी ताटलीसमोर उभी होती. दोन्ही गालांत गूळ. आपल्या पायांनी गेली, चौकटीला धरून उंबरठा ओलांडला, आणि बापाची वाट न बघता स्वतःच भरवून घेतलं. आम्ही तिघं तिच्यापासून हातभर अंतरावर, आणि एकानेही पाहिलं नाही.

हे धावले, पलीकडे बसले, हात पसरले. ठमीने एक खोबऱ्याचा तुकडा उचलून यांच्या तोंडात घातला. यांचे डोळे भरून आले, माझेही आले. अम्माजींनी नाक शिंकरलं, आणि खाली जाऊन आल्याचा चहा करून आणला. पातेलंभर. मी सगळा प्यायले, कोणाला विचारलं नाही.

तेव्हापासून कोणी ठमीच्या पहिल्या पावलाचं विचारलं तर हे व्हिडिओ दाखवतात, अम्माजी तुळस दाखवतात. आणि उंबरठा कसा ओलांडला, असं विचारलं तर मी कराडचा नंबर देते. म्हणते, सासूबाईंना विचारा, त्यांनी पाहिलंय. मी तिथेच होते, पण मी वड्यांवरून भांडत होते.