छत्तीस ग्रॅम पाणी

"आडनावावरूनच ओळखलं मी. तुझ्या बाबांचं एमएस्सी कोट्यातलं ना? इथे कोटा नाही हं."

ओळखीतले एक काका हसत म्हणाले. लंडनच्या स्टॅनमोर भागातलं त्यांचं डायनिंग टेबल, शनिवारची सकाळ, आम्ही पाच मराठी मुलं. साल दोन हजार पाच-सहा. काका आयटीत मोठ्या हुद्द्यावर. आपल्या मराठी मुलांचं ए-लेव्हल, म्हणजे तिथली बारावी, सुधारावी म्हणून फुकट केमिस्ट्री शिकवायचे. मुलं हसली. मीही हसले.

गणित साधं होतं. छत्तीस ग्रॅम पाण्यात हायड्रोजनचे अणू किती? पाण्याचा एक मोल अठरा ग्रॅमचा. म्हणजे इथे दोन मोल. एका मोलमध्ये रेणू सहावर तेवीस शून्यं. दोन मोलमध्ये बारावर तेवीस. पण प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे अणू दोन. म्हणजे चोवीसवर तेवीस शून्यं. मी तेच लिहिलं होतं. काका रेणूंपाशीच थांबले.

"ट्वेल्व्ह येतं. चोवीस कुठून आणलंस? बाबांनी शिकवलं वाटतं!"

हो, बाबांनीच. वॉटफर्डच्या एका शाळेत ते लॅब टेक्निशियन. मुलांच्या प्रॅक्टिकलसाठी दिवसभर वजनकाट्यावर रसायनं मोजायचे. पण त्या टेबलावर मला त्यांची लाज वाटली. त्यांच्या डागाळलेल्या कोटाची, अडखळत्या इंग्रजीची, आमच्या आडनावाची. मी रबर घेतलं. बरोबर उत्तर खोडलं. बारा लिहिलं.

"शहाणी मुलगी," काका म्हणाले.

घरी बाबांनी वही खिडकीपाशी धरली. खोडलेलं चोवीस त्यांना दिसलं.

"बरोबर होतं की गं. खोडलंस का?"

मी दप्तर आवरायला लागले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांना सगळं कळलं होतं. वही मिटून त्यांनी माझ्या हातात दिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या शनिवारी टेबलावर नेहमीचे पोहे यायच्या आत मी वही काकांपुढे ठेवली. चोवीस. पेनाने.

"काका, तुमचं चुकलंय. प्रश्न अणूंचा होता, तुम्ही रेणू मोजलेत. आणि हो, माझे बाबा कोट्यातूनच शिकले. हे गणित त्यांनीच शिकवलं."

"मोठ्यांशी असं बोलतात?"

बोलतात. वही उचलली आणि बस पकडली. परत त्या घरात पाऊल ठेवलं नाही.

लाज अजून आहे. माझ्या त्या हसण्याची. ती जाऊच नये. आजही कुणी गोड हसून माझं आडनाव विचारतं. मी सांगते. मोठ्याने, बाबांच्या नावासकट. आणि तो हसायचा थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहते.