डावीकडची पट्टी

त्या प्रकरणाचा विषय निघाला की माझी मान आजही आपोआप खाली जाते. आणि माझी मान खाली घालायला लावणारा माणूस सोलापूर जिल्ह्यात अजून जन्माला यायचाय, अशी नोकरीभर माझी समजूत होती. करमाळ्याला असताना माझ्या नुसत्या शिंकेनं दोन पाकीटमारांनी गुन्हा कबूल केला होता. वैरागच्या बाजारात एका दरोडेखोराला मी बेडी येईपर्यंत केवळ मिशीला पीळ देऊन जागेवर बसवून ठेवला होता. यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं, ते विचारू नका. पुढं सांगतो ते मात्र सगळं खरं, कारण त्यात मीठमसाला घालायला माझाच हात धजत नाही.

नोकरीची शेवटची वर्षं होती आणि मी सोलापूर शहरातल्या एका ठाण्यात होतो. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी चादरींचे एक मोठे व्यापारी थोरल्या मुलाला घेऊन ठाण्यात आले. पूजेला घरातलं सोनं मांडायचं म्हणून कपाट उघडलं, तर मालकीणबाईंच्या पाटल्या गायब. कपाटाचं कुलूप शाबूत, दारं-खिडक्या शाबूत. चावी कपाटालाच लटकलेली असायची.

"संशय कुणावर?" मी विचारलं.

मुलगा तयारच होता. "एसीची पट्टी बसवायला मिस्त्री आला होता. आईच्या खोलीत तेवढाच एक परका माणूस शिरलाय, साहेब."

प्रकार असा होता. मालकीणबाईंच्या खोलीत, मागच्या बोळाकडच्या भिंतीत एसीसाठी चौकोनी भोक पाडलेलं होतं. पूर्वीचा एसी हत्तीएवढा. तो बिघडला, नवा आणला तो बेताचा. भोक तेवढंच राहिलं आणि एसीच्या बाजूला हात जाईल एवढी फट पडली. फटीतून धूळ, पाली, कबुतराची पिसं आत यायला लागली. म्हणून थर्माकोल कोंबून वरून चारी बाजूंनी बीडिंगची पट्टी मारायला हा मिस्त्री बोलावला. मुलाचा हुकूम होता, सगळ्या पट्ट्या सिलिकॉननं पक्क्या चिकटव. मिस्त्रीनं तीन चिकटवल्या आणि डावीकडची चौथी नुसत्या स्क्रूंवर बसवली.

"का? सांगा ना का?" मुलगा म्हणाला. "नंतर खोलायला सोपं जावं म्हणून."

फिर्याद नोंदवून घेतली आणि घटनास्थळाचा पंचनामा करायला हवालदार पाठवले. दुपारी खबरही लागली. बोळाच्या तोंडाशी शिवणकाम करणारा एक टेलर होता. सोलापुरात कुणाच्या घरी काय शिजतं हे त्या घरच्या बाईच्या आधी टेलरला कळतं, हा माझा अनुभव आहे. तो म्हणाला, "काम संपवून मिस्त्री गेला, ते मी बघितलं. पण दुसऱ्या दिवशी भर उन्हात परत आलता की. मालक दुकानात, पोरगं दुकानात. ह्यो मागनं बोळात जाऊन भिंतीपाशी काहीतरी करत हुता."

माझ्या हातात आणखी काय हवं होतं? वळसंगचा मिस्त्री, शहरात खोली घेऊन राहणारा. त्याला चौकशीला आणला. चाळिशीचा, हडकुळा, हत्यारांची पिशवी छातीशी धरलेली.

माझा आवाज असा, की मी आत ओरडलो तर बाहेरच्या रिक्षा आपोआप चालू व्हायच्या. तो आवाज मी लावला.

"पाटल्या कुठं आहेत?"

"मला म्हाईत न्हाय साहेब."

"डावीकडची पट्टी स्क्रूवर का बसवली?"

गप्प.

"दुसऱ्या दिवशी बोळात काय करत होतास?"

"थर्माकोल नीट बसवत हुतो."

"मालकांनी बोलावलं होतं?"

त्यानं पिशवी आणखी घट्ट धरली. ज्या प्रश्नावर चोर खोटं बोलतो त्या प्रश्नावर हा गप्प बसत होता. हा फरक माझ्या ध्यानात आला, पण वरिष्ठांचे फोन सुरू झाले होते. व्यापाऱ्याची ऊठबस मोठ्या लोकांत. उद्या सकाळी अटक दाखवा, असा निरोप आला.

हवालदार समजुतीच्या सुरात म्हणाला, "अरे बाबा, एकदा अटक झाली की कोण तुला घरात घेणार? लोकांच्या झोपायच्या खोल्यांत जाऊन काम करतोस तू. सांग की काय असेल ते."

"म्हूनच सांगत न्हाय," तो म्हणाला. "त्यांच्याच खोलीतलं हाय. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

त्यानं मान फिरवली. एवढ्या वर्षांत मी लोखंडासारखी माणसं बघितली, पण शब्दासाठी पोट गहाण टाकणारा माणूस समोर बसला की आपला आवाज आपल्यालाच मोठा वाटायला लागतो.

संध्याकाळी जेवायला घरी गेलो. आमच्याही घरात त्याच महिन्यात भिंतीत एसी बसला होता आणि फट तशीच उघडी होती. सौभाग्यवती म्हणाल्या, "साऱ्या गावाचे चोर शोधता. आपल्या भिंतीतनं पाल रोज ड्यूटीवर येते, तिला कधी अटक?" नाइलाजानं त्यांना घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं काउंटरवर पट्ट्या मांडल्या. सागवानी बीडिंग, ॲल्युमिनियमची, पीव्हीसीची.

"चिकटवायची का स्क्रूची?" त्यानं विचारलं.

"फरक काय?"

"चिकटवलेली काढायला गेलं की भिंतीचा रंग सोलून निघतो. ज्याला पुन्हा पुन्हा काढायची असते तो स्क्रूची घेतो."

"पुन्हा पुन्हा कशाला काढेल कुणी?"

"मला काय माहीत साहेब? तुमची भिंत, तुमचं काम."

घरी येऊन, सौभाग्यवतींचे टोमणे झेलत, मी पट्टी स्वतः बसवली. वाकडी बसली, ते सोडा. पण स्क्रू पिळता पिळता डोक्यात उजेड पडला. हे स्क्रू फिरतात ते खोलीत उभं राहून. बोळात उभं राहिलेल्या माणसाला स्क्रूचं डोकं दिसतसुद्धा नाही. मिस्त्रीला चोरीसाठी बाहेरून वाट ठेवायची असती, तर हा प्रकार त्याच्या काहीच कामाचा नव्हता. पट्टी आतल्याच माणसासाठी होती.

दुसऱ्या दिवशी अटकेच्या कागदावर सही करायच्या आधी मी त्या खोलीत स्वतः गेलो. व्यापारी आणि मुलगा बरोबर. मालकीणबाई दाराशी डोक्यावरून पदर घेऊन उभ्या. साठीच्या, शांत, कपाळाला विभूतीची रेघ.

डावीकडच्या पट्टीच्या स्क्रूंची डोकी घासून चकचकीत झाली होती. नव्या पट्टीची इतक्यात तशी होत नाहीत. खाली बसायचा लाकडी पाट होता. आणि पट्टीच्या शेजारी, बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल अशा उंचीवर, भिंतीला खोबरेल तेलाचा डाग. एकदा टेकून पडलेला नव्हे, रोज टेकून मुरलेला.

मी बोळात गेलो. तिथं बाहेरच्या बाजूला, फटीच्या कडेनं, चिमुकल्या बोटांचे ठसे होते. ओल्या बिस्किटाचे. चोर मी पोत्यानं पाहिलेत, पण भिंतीला बिस्किट पुसून जाणारा एकही नाही.

आत आलो. व्यापाऱ्याला सहज विचारलं, "मुली किती आहेत तुम्हाला?"

"एक होती," ते म्हणाले आणि खिडकीकडं बघायला लागले.

मुलानं खुलासा केला. बहिणीनं जातीबाहेर लग्न केलं होतं. वडिलांनी देवासमोर सगळ्यांकडून वदवून घेतलं होतं. तिनं या घराचा उंबरा ओलांडायचा नाही, आणि या घरातल्या कुणी तिचा.

मी मालकीणबाईंकडं बघितलं. त्यांच्या केसांना तेल चापूनचोपून लावलेलं होतं. त्यांनीही माझ्याकडं बघितलं, आणि मला काय कळलंय ते त्यांना कळलं. मला पुढचा प्रश्न विचारायचा होता, ते माझं कामच होतं. मी नुसता स्क्रूवरून बोट फिरवत राहिलो. या आवाजानं रिक्षा चालू व्हायच्या म्हणे.

त्याच बोलल्या. "मिस्त्री कुठं हाय?"

"ठाण्यात. आज अटक होईल."

"मी येते," त्या म्हणाल्या आणि चप्पल शोधायला लागल्या.

ठाण्यात मी त्यांना माझ्या खोलीत बसवत होतो, पण त्या बाहेरच्या बाकावर, मिस्त्रीच्या शेजारी बसल्या. त्या बाकावर रोज कोण कोण बसतं ते मला ठाऊक होतं. व्यापारी भिंतीशी उभे राहिले, मुलगा त्यांच्यामागं. त्यांना कुणी खुर्ची दिली नाही आणि त्यांनी मागितलीही नाही.

"लेक दुपारची बोळात येते," बाई म्हणाल्या. "पट्टी काढायची, थर्माकोल काढायचा आणि बोलायचं. नात हात आत घालते. उंबरा कुणीच ओलांडला न्हाय. शब्द मोडला न्हाय मी."

"फोन होता की घरात," मुलगा पुटपुटला.

"फोनमधनं हात येत न्हाय बाबा."

"आणि पाटल्या?" मी विचारलं. विचारावंच लागलं.

"माझ्या आईनं मला दिल्या. आमच्यात पाटल्या लेकीकडंच जातात. नातीच्या वाढदिवसाला तिच्या हातात ठेवल्या, त्याच फटीतनं." मग मिस्त्रीकडं बघून म्हणाल्या, "ह्यानं पट्टी पक्की चिकटवायला घेतली तवा मी पाया पडले त्याच्या. दुसऱ्या दिवशी येऊन थर्माकोल बाहेरनं सैल करून गेला. कुणाला सांगू नको म्हटलं, तर ह्या येड्यानं खरंच सांगितलं न्हाय."

व्यापारी भिंतीशी उभ्या उभ्याच बोलले. "पूजेच्या वेळी मी पाटल्या कुठायत म्हणून विचारलं. तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुमी मला कुठं विचारलं? कपाटाला विचारलं. मग पोलिसांना विचारलं."

हवालदार उगीच टेबलावरचा पेन सरळ करत होता. मी एवढे गुन्हेगार उभे केलेत तिथं, लाज वाटल्यासारखं तोंड कुणाचं झालं नव्हतं. त्या दिवशी गुन्हेगार एकही नव्हता आणि सगळ्यांची तोंडं तशी झाली होती.

बाईंनी स्वतःचं सोनं स्वतःच्या लेकीला दिलं होतं. कायद्यात त्याला नाव नाही. गैरसमजातून दिलेली फिर्याद म्हणून प्रकरण निकालात काढायचं, आम्ही त्याला सी समरी म्हणतो. पण त्यासाठी सोनं डोळ्यांनी बघून पंचनामा करायला लागतो. लेकीच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं घर. गणवेश बघताच तिचा चेहरा उतरला. मी तोंड उघडायच्या आत तिनं डब्यातून पाटल्या काढल्या आणि माझ्यापुढं धरल्या.

"घेऊन जा साहेब. अव्वाला मात्र ठाण्यात बोलावू नका."

अव्वा, म्हणजे तिची आई, ठाण्यात बसून आली आहे, हे तिला मलाच सांगावं लागणार होतं. सांगितलं. पाटल्या बघितल्या, लिहून घेतल्या, परत तिच्या हातात दिल्या. व्यापारी माझ्या जीपमध्ये बसून होते. शब्दाला जागून ते उतरले नाहीत. लेकीनं तांब्याभर पाणी आणून जीपच्या खिडकीतून पुढं केलं. व्यापारी खाली बघत ते प्यायले, सगळा तांब्या, न थांबता. तिच्या कडेवरच्या पोरीनं त्यांच्या टोपीला हात घातला, तरी मान वर केली नाही. ठाण्यात आल्यावर एवढंच म्हणाले, "मिस्त्रीला सोडा." तो केव्हाच सुटला होता.

सुटला होता, पण गेला नव्हता. बाकावर बसून माझी वाट बघत होता.

"जा की आता घरी," मी म्हणालो.

"साहेब, एक कागद द्या की."

"कसला?"

"ह्यो चोर न्हाय म्हून. गिऱ्हाइकाला दावायला. टेलरनं साऱ्या पेठेत नाव बद्दू केलंय माझं. सकाळपासनं दोन कामं गेली, फोन आले."

आमच्याकडं छापील नमुने एवढे, की त्यांनी सिद्धेश्वर तलाव बुजवता येईल. अटकेचा आहे, झडतीचा आहे, जप्तीचा आहे, हजर राहण्याचा आहे. हा माणूस चोर नाही, असं लिहिलेला नमुना नाही. तपासाच्या प्रशिक्षणात माणूस उचलायचा कसा ते शिकवतात. जिथून उचलला तिथं, होता तसा परत ठेवायचा कसा, ते मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि माझ्या अकलेनंही सुचलं नव्हतं.

म्हटलं, कागद नाही तर नाही, मी स्वतः येतो. गणवेशात, टोपी चढवून, त्याच्या बरोबरीनं मी त्या पेठेतून चाललो. टेलरच्या दुकानासमोर थांबून मोठ्यानं म्हणालो, "हा माणूस निर्दोष आहे. मी सांगतोय." टेलर मशीन थांबवून "व्हय व्हय साहेब" म्हणाला. पुढं चहाच्या टपरीवर त्याला बसवला, माझ्या पैशानं चहा सांगितला. टपरीवाल्यानं दोन कप ठेवले, माझ्याकडं वाकला आणि हळूच विचारलं, "परत धरला व्हय साहेब ह्याला?"

मिस्त्रीनं चहा संपवला. कप ठेवला. मग अजिबात राग न करता म्हणाला, "साहेब, तुमी आता जावा. तुमी संगं हाय तवर मी चोरच दिसतोय."

मी थांबलो. तो एकटाच पुढं निघाला. कोपऱ्यावर त्यानं हत्यारांची पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. टपरीवरची माणसं त्या पिशवीकडं बघत होती.