अक्कांचा टेप आणि माझ्या पायऱ्या

कुमुदअक्का बोरसे यांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला 'चार गोड आठवणी' लिहायला सांगितल्या आहेत. अक्का वास्तुविशारद; त्यांच्या धुळ्याच्या कार्यालयात मी बावीस वर्षे नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन होतो. गोड आठवणी शोधत आठवडाभर बसलो. सापडल्या त्या बहुतेक वैतागाच्याच निघाल्या. त्याच लिहितो, संपादकांनी सांभाळून घ्यावे.

पहिली भेटच बघा ना. आयटीआय करून मी सोनगीरहून नोकरी मागायला आलो तेव्हा मे महिन्यातली दुपार होती. अक्का कार्यालयासमोरच्या रस्त्यावर वाकून, सावलीच्या कडेने खडूची रेघ ओढत होत्या. मी नाव सांगितले. त्यांनी विचारले, "स्टँडवरून चालत आलात ना? वाटेत सावली कुठे कुठे लागली?" मला सांगता येईना. "मग परत जा आणि बघत या." मी खरोखर परत गेलो. डोके भणभणत होते. येऊन सांगितले, एका कडुनिंबाखाली आणि एका पानटपरीच्या छपराखाली, बाकी कुठेच नाही. त्यांनी तेवढे वहीत टिपून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर यायला सांगितले.

अक्कांनी कार्यालय थाटले तेव्हा लोक घराचे काम घेऊन यायचे आणि त्यांनाच विचारायचे, "साहेब कुठे आहेत?" अक्का म्हणायच्या, "साहेब घरी वरणाला फोडणी देताहेत. तुम्ही बसा." बसले त्यांची घरे उत्तम झाली. भडगावच्या एका घरात भर उन्हाळ्यात पंख्यावाचून झोप लागते, हे मी स्वतः झोपून पाहिले आहे. पण अक्कांचा जीव घरापेक्षा घराबाहेरच्या रस्त्यात. स्टँडपासून दवाखान्यापर्यंत चालणाऱ्या माणसाला सावलीचा फूटपाथ हवा, एवढ्यासाठी त्यांनी एकेका अधिकाऱ्याला टळटळीत उन्हात तो रस्ता चालायला लावले. अधिकाऱ्यांची बदली झाली की नव्या साहेबांबरोबर पुन्हा पहिल्यापासून चालायचे. मागे नकाशाची गुंडाळी धरून मी! तोच नकाशा मी नऊ वेळा काढला आहे. अखेर फूटपाथ झाला, रुंदीकरणात जाणारे कडुनिंबही वाचले, आणि महिन्याभरात तिथे मोटारसायकली लागल्या. मी म्हटले, "अक्का, आता तरी सोडा." तोवर त्या एका मोटारसायकलवाल्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

हे सगळे दुसऱ्यांच्या बाबतीत होते तोवर मी सोसले. मग मी सोनगीरला घर बांधले. नकाशा मीच काढला आणि त्यावर सही अक्कांची. नकाशात पायऱ्या आमच्या हद्दीत होत्या. बांधताना मात्र मोह झाला, बैठकीची खोली जरा ऐसपैस हवी म्हणून भिंत पुढे सरकवली आणि पायऱ्या दीड फूट गल्लीत उतरल्या. लोकांच्या घरांचे अंतर आयुष्यभर मोजणारा मी, स्वतःच्या घरापाशी आंधळा झालो.

वास्तुशांतीला अक्का आल्या. दारात थांबल्या, पायऱ्यांकडे पाहिले आणि पिशवीतून टेप काढला. आत पहिली पंगत बसली होती, मांडे वाढले होते. आई धावत बाहेर आली. "बाई, बठ्ठा पाव्हना ताटवर बठेल शेतस, आनि तुम्ही काय मोजी र्‍हायनात? पहिले जेवी ल्या!"

"जेवते ना," अक्का शांतपणे म्हणाल्या, "पायऱ्या आत गेल्या की जेवते."

मी म्हणालो, "अक्का, दीड फुटाचा तर प्रश्न आहे."

"प्रत्येक घराचा दीड फुटाचाच असतो," त्या म्हणाल्या आणि उपाशी निघून गेल्या. बठ्ठ्या म्हणजे सगळ्या गावासमोर माझे तोंड एवढेसे झाले. मी कामावर जाणे बंद केले, पुन्हा कार्यालयाची पायरी चढणार नाही अशी शपथही घेतली. मला खरेच फार राग आला होता.

पाचव्या दिवशी अक्का एसटीने सोनगीरला आल्या. हातात नवा नकाशा होता. पायऱ्या आडव्या वळवून ओट्यातच घेतलेल्या, बैठकीची खोली शाबूत, आणि प्रत्येक पायरी पाच इंचांचीच. एवढ्या बुटक्या कशाला, असे मी घुश्शातच विचारले. त्या म्हणाल्या, "तुमच्या आई त्या दिवशी माझ्यासाठी धावत खाली आल्या. वर जाताना मात्र प्रत्येक पायरीवर गुडघ्याला हात लावत होत्या. तुम्ही पाहिलं नाहीत?" मी पाहिले नव्हते. दुसऱ्याच दिवशी जुन्या पायऱ्यांवर मी स्वतः घण घातला. आई पुढे शेवटपर्यंत रोज संध्याकाळी कोणाचा हात न धरता त्या नव्या पायऱ्या उतरून गल्लीत गप्पांना जायची. अक्का त्यानंतर जेवायला आल्या तेव्हा आईने आग्रह करकरून त्यांचे हाल केले, याचा मला मनापासून आनंद झाला.

परवाची गोष्ट. सत्काराचा मांडव कुठे असावा? त्याच दवाखान्याच्या रस्त्यावर, फूटपाथ अडवून! मांडववाला चुन्याच्या फक्कीने खड्ड्यांच्या खुणा करत होता. आमच्या सत्कार समितीचे अध्यक्ष आबा म्हणाले, "एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे." ते वाक्य मला ओळखीचे वाटले. मी टेप काढला, दवाखान्याकडे जाणाऱ्या माणसाला किती जागा उरते ते आबांना मोजून दाखवले आणि मांडव शाळेच्या मैदानात हलेपर्यंत तिथून हललो नाही. छापलेल्या पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या. समिती माझ्याशी बोलत नाही. अक्का, बावीस वर्षांत तुम्ही मला अशी खोड लावून ठेवली आहे.

तुम्हाला आरोग्य लाभो, उदंड आयुष्य लाभो आणि आमचा वैताग कधी कमी न होवो. अलीकडे कार्यालयाचा जिना चढताना तुम्ही गुडघ्याला हात लावता. या वेळी मी पाहिले आहे. सत्काराच्या मंचाला पाच इंचांच्या पायऱ्या करून घेतल्या आहेत, डाव्या हाताला कठडा आहे. तुम्ही टेप घेऊन येणारच. खुशाल मोजा.