मागची चूल

पोरींनो, जरा जवळ सरका. महिनाभर पाहून राह्यले मी, या पानावर कोणी आपला अनुभव लिहिला की खाली तुमचं खी-खी सुरू. हसा... पण आधी माणसाचं पुरतं ऐकून तर घेत जा. मीही तुमच्यातलीच. चिंचेपाशी बाई दिसली असं कोणी सांगितलं, तर विचारायची, "तिनं तुले चहा पाजला का?" माझा विश्वास वायरीवर अन् लॉगवर, म्हणजे मशीन स्वतः वेळेसकट लिहून ठेवते त्या नोंदींवर. आजही आहे. पण एक गोष्ट त्यात बसत नाही.

आर्णीत एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी सर्व्हर सांभाळते. वय बासष्ट, शिक्षण बारावी. लागले होते डेटा एन्ट्रीला. नागपूरचा इंजिनिअर आला की त्याच्या मागं उभी राहून वहीत लिहून घ्यायची. अजूनही प्रत्येक कमांड वेळेसकट वहीत लिहिते. ही वही ध्यानात ठेवा.

आमच्याकडं आठ मशीनी होत्या. ओपीडी, औषधं, लॅब, रक्तपेढी अशी चार कामं, अन् प्रत्येकाला दोन मशीनींची जोडी – एक पडली तर दुसरी काम उचलेल म्हणून. खोली भट्टीसारखी तापायची. मग ठरलं, दोनच मोठ्या मशीनी ठेवू अन् त्यांच्यात प्रत्येक कामाला आपला कंटेनर. आमचा तांडा तसाच आहे – विहीर एक, घरं वेगळी. ऑपरेटिंग सिस्टीम ही विहीर, कंटेनर ही घरं. पहिली मशीन पडली की घरं दुसरीवर उभी होतात. फक्त सामान, म्हणजे डेटा, दोघींच्या सामायिक डिस्कवर पाहिजे.

माझी याडी, म्हणजे आई, कामासाठी बाहेरगावी मुक्काम पडला की तीन दगडांची एक चूल जास्तीची मांडायची. मागून कोणी आलं तर त्याला दगड शोधत फिरावं लागू नये. ती जाऊन चौदा वर्षं झाली. तिच्या सवयीनं मीही दुसऱ्या मशीनवर एक रिकामा कंटेनर बनवला. नाव 'मागची चूल'. बंदच ठेवला.

इंजिनिअर फोनवर म्हणाला, "मावशी, हा रिकामा काहून ठेवला? पाहुणे येऊन राह्यले का?"

म्हटलं, "आले तर बसतील."

चारही कामं हलली त्या दिवशी पेढे वाटले, अन् तिथंच मी चुकले. रक्तपेढीचा डेटा तपासणीपुरता पहिल्या मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवला होता. वहीत लिहिलं, 'रक्तपेढी – उद्या'. तो उद्या पेढ्यांच्या नादात राहून गेला. बॅकअपही जुनाच.

तीन आठवड्यांनी, मे महिन्यातला रविवार. केळापूरकडच्या पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची सुनंदा बाळंतपणाला आली होती. सिकलसेलची पोरगी, मागं बरेचदा रक्त चढलेलं, त्यामुळं आता तिला वाटेल त्याचं रक्त चालत नव्हतं. आर्णीतल्या कोणत्या दोन दात्यांचं चालेल ते आठवड्याआधीच शोधून ठेवलं होतं. कागद पोडावर राहिले, अन् बाकी नोंद फक्त रक्तपेढीच्या कंटेनरमध्ये.

मी निंबाखाली तिच्या सासूसोबत डबा खात होते. इकडं एसी बंद पडला अन् एक चाळीसला पहिली मशीन तापून गेली. दुसरीनं तीन कामं उचलली. रक्तपेढी उठली नाही. अन् तेवढ्यात आतून निरोप आला – पोरगी झाली, पण सुनंदाचं रक्त थांबत नाही.

डॉक्टर बाई दारात येऊन म्हणाल्या, "मावशी, मले दोन नावं पाहिजे फक्त."

"बाई, चूक माझी आहे. नावं मेलेल्या मशीनमध्ये अडकली."

त्या रागावल्या नाहीत. "शोधा," एवढंच म्हणाल्या अन् गेल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी दुसऱ्या मशीनवर कंटेनरांची यादी काढली. पाचवी ओळ – मागची चूल – चालू. मी ती कधीच चालू केली नव्हती. आत गेले तर सगळी रक्तपेढी तिथं मांडलेली, त्या दुपारच्या शेवटच्या नोंदीपर्यंत. दोन नावं, दोन फोन. एक पंक्चर काढणारा, एक शाळेतल्या मॅडम. दोघंही अर्ध्या तासाच्या आत पोचली. सुनंदा वाचली.

मग मी वेळ पाहिली. तो कंटेनर सुरू झालेला एक एकोणतीसला. मशीन पडायच्या अकरा मिनिटं आधी. तेव्हा मी निंबाखाली होते, सासूबाई माझ्या भाकरीवर लोणचं वाढत होत्या. पासवर्ड माझ्याशिवाय कोणाकडं नाही.

इंजिनिअर येऊन दोन दिवस बसला. म्हणाला, तुम्हीच कॉपी लावून विसरल्या असाल. मी वही पुढं केली. त्यानं पान न् पान पाहिलं, मशीनचे लॉग पाहिले. कॉपीची कमांड कुठंच नव्हती. शेवटी हळूच म्हणाला, "मावशी, हा रिकामा ठेवतच जा." पुढं कधीतरी कळलं, आता तोही दुसरीकडच्या मशीनींवर एक रिकामा ठेवतो. मी कारण विचारलं नाही.

रक्तपेढीचं सामान मी त्याच संध्याकाळी सामायिक डिस्कवर नेलं. चूल पुसून पुन्हा बंद केली. मनापासून रोज हात जोडते... कोणाला, ते सांगता येत नाही. याडीला म्हणावं, तर तिनं कधी कीबोर्डला हात लावला नव्हता. खरंच, मला अजून उलगडलं नाही.

सुनंदाची पोरगी आता चालते. महिन्याला तपासणीला आली की माझ्या खोलीत येऊन मशीनीवरच्या लुकलुकत्या दिव्यांना बोट लावते. तुम्हीही या एकदा, पाचवी ओळ दाखवते. चहा मात्र मलाच पाजावा लागेल – जिनं चूल पेटवली ती काही दिसली नाही. या लवकर.