ताईनं कूलर सोडला

आमच्या घराची चूल कूलरवर पेटते. अमरावतीत आमचं कूलरचं दुकान आहे. पत्र्याच्या टाक्या, मोटारी, पंप, आणि उन्हाळा लागला की कूलरच्या बाजूंना बसवायच्या गवताच्या ताट्या. नवरा गेल्यापासून मी आणि मुलगा मिळून ते चालवतो. होळी झाली की गिऱ्हाईक दारात उभं राहतं, ते मिरग लागून पाऊस येईपर्यंत हलत नाही. तेव्हा कूलर म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नाही.

माझी मोठी बहीण अकोल्याला, जठारपेठेत राहायची. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, एकच मुलगा, तो बायको-पोरीसह पुण्याला. ताई एकटीच होती. दरवर्षी अक्षय तृतीयेच्या सुमारास मी तिच्यासाठी नव्या ताट्या घेऊन एसटीनं जायचे. गवत टोचतं म्हणून शेजारच्या सीटवरचे लोक कुरकुरायचे, कंडक्टर सामानाचं तिकीट मागायचा. "बहिणीचा कूलर हाय बाप्पा, जीव वाचते तिचा," असं म्हणून मी खिडकीजवळ बसून घ्यायचे. अकोल्याचं ऊन ज्यानं खाल्लं त्यालाच ते माहीत. मे महिन्यात तिथल्या नळाला दुपारी पाणी आलंच, तर त्यात चहापत्ती टाकायची तेवढी बाकी असते.

हे सगळं सुरू झालं हळदीकुंकवात. संक्रांतीनंतर मी ताईकडे गेले होते, आणि एका मोठ्या कंपनीनं महिला मंडळांसाठी हळदीकुंकू ठेवलं होतं; सगळ्याच बायांना, माझ्यासारख्या विधवांनाही, बोलावणं होतं. कंपनीचं नाव घेत नाही, घेऊन तरी काय होणार आहे. कारखाना कोळशावर चालतो आणि हॉलमधल्या पडद्यावर मात्र हिरवंगार पान. एसीनं हॉल एवढा गार की बायकांनी पदर अंगाभोवती ओढून घेतले. कंपनीची एक तरुण बाई बोलायला उभी राहिली, गोड बोलायची. म्हणाली, पृथ्वी तापते आहे आणि ती आपल्या सवयींमुळे तापते आहे, तर प्रत्येकीनं ह्या उन्हाळ्यात विजेची एक सवय जरा कमी करावी.

आपण कुणापुढे बोलतोय हे तिला बिचारीला काय माहीत. समोर बसलेल्या बायांनी जन्मभर नेम धरलेले. चातुर्मासात कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा-लसूण, कुणी गादीवर झोपणं. काशीला गेलं तर आवडतं फळ तिथं सोडून येतात आणि मरेपर्यंत त्याच्याकडे बघत नाहीत. आमच्याकडे एखादी गोष्ट जरा कमी करायची रीतच नाही. सोडायची असते, आणि सोडली म्हणजे सोडली. एकीनं लगेच हात वर केला, मी इस्त्री सोडली. ताईच्या खालच्या मजल्यावर राहणारी शेजारीण उठून म्हणाली, मी मिक्सर सोडला, पाट्यावर वाटीन. एकीनं टीव्हीवरच्या मालिका सोडल्या तेव्हा सगळा हॉल हसला. त्या हसण्यात ताई उठली. ग्लासातलं पाणी उजव्या हातावर घेतलं, बशीत सोडलं आणि म्हणाली, "मी कूलर सोडला."

टाळ्या पडल्या. मी तिचा पदर ओढला. "माह्या पोटावर काहून पाय देऊन राहिली वो?" थट्टेत म्हटलं होतं, आणि तीही हसली. पण श्रावणात उपाशीपोटी पोथी उघडताना तिचा चेहरा जसा व्हायचा, तसा झाला होता. ही गंमत नाही हे मी तिथंच ओळखलं.

घरी येईस्तोवर आम्ही भांडलो. म्हणजे मी भांडले, ती बोलली.

"त्याइचं धुराडं रातंदिवस जळते, अन् कूलर तू बंद करतं? हे त चोर सोडून संन्याशाले फाशी झालं."

"दुसरा पाप करते म्हणून आपलं फिटते का?"

"कूलर लावणं पाप कधीपासून झालं?"

"वीज कोळशातून येते," ती वर्गात सांगावं तशी सांगायला लागली. "कोळसा जळला की हवा तापते. आयुष्यभर पोरींले हेच शिकवलं मी. उद्या नातीनं इचारलं, आजी, तुले सगळं माहीत होतं, त तू काय केलं? मंग काय सांगू तिले?"

हे तिचं खरं होतं. आणि ताईचं खरं निघालं की माझा राग वाढतो, हा माझा जुना स्वभाव आहे. अमरावतीला परत जाईपर्यंत मी तिच्याशी धड बोलले नाही.

मे महिन्यात ताट्या घेऊन गेलेच. दार उघडलं तर आतून भट्टीसारखी झळ आली. ताईचं घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर सरळ स्लॅब. खिडक्यांना ओल्या चादरी, फरशीवर पाणी शिंपडलेलं, आणि ती डोक्यावर ओलं फडकं टाकून खालीच आडवी. तेही पाणी जपून, कारण नळ चार-पाच दिवसांआड यायचा. पंखा चालू होता, पण तो गरम हवाच फिरवत होता. पाठीवर घामोळ्या उठलेल्या. मला बघून उठली, कैरीचं पन्हं दिलं, आणि माझ्या हातातल्या ताट्या बघून म्हणाली, "खालच्या बाईले दे. त्याइच्या कामी येतीन."

मी काय काय नाही केलं. ती आंघोळीला गेली तेव्हा टाकी भरून कूलर लावला. बाहेर आली, बटण बंद केलं आणि केस पुसत बसली. मग मी धर्म काढला. म्हटलं, "उपासाले साबुदाणा चालते, तसा कूलर दुपारी घडीभर चालू दे. देव काही घड्याळ घेऊन नाही बसला." ती हसली. मग म्हटलं, दवाई म्हणून घेतलं तर नेम मोडत नाही. "मले कुठं आजार हाय?" ती म्हणाली. शेवटी मी रडले. तेव्हा तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मिरग लागू दे, नेम सुटते. तेव्हा तुह्या हातानं लाव." तिचा हात गरम लागत होता. मी दुसऱ्या दिवशी निघाले, कारण दुकानात सीझन होता.

मिरग लागायच्या आधीच खालच्या शेजारणीचा फोन आला. ताई दुपारी जिन्यात पडलेली सापडली होती. अंग तापलेलं, घाम नाही, भलतंसलतं बोलत होती. मी पोचले तेव्हा ती दवाखान्यात होती. डॉक्टरांनी उष्माघात म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवातली ती कंपनीची बाई फुलं घेऊन आली. तिला बातमी कशी कळली कोण जाणे. मी तिला आवाराबाहेरच गाठलं. तिची गाडी झाडाखाली उभी होती, आत ड्रायव्हर एसी लावून बसलेला, इंजिन चालूच. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं ते. "मावशी, कूलर सोडा असं आम्ही म्हटलं नव्हतं हो. फक्त कमी करा म्हटलं होतं," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. खरंच म्हटलं नव्हतं. मी विचारलं, "कंपनीनं काय सोडलं?" ती गोंधळली. "ते वरच्या लेव्हलला ठरतं, मावशी." मी तिच्या हातातली फुलं घेतली आणि तिला जायला सांगितलं. पोटासाठी नोकरी करणारी पोरगी ती, तिच्यावर काय ओरडायचं? आणि ज्यांच्यावर ओरडायचं ते अकोल्यात कधी येतही नाहीत. ते कुठं राहतात हेसुद्धा मला माहीत नाही. असा राग कुठं नेऊन टाकायचा असतो, कुणी सांगेल का?

त्याच दुपारी ताई शुद्धीवर आली. वॉर्डात एसी होता. तिनं वर बघितलं आणि बोटानं खूण केली. "बंद कर नं वो."

"हा दवाखान्याचा हाय, ताई. तुह्या नेमात नाही येत."

तिनं मान खिडकीकडे वळवली. मग विचारलं, "ऊन कमी झालं का यंदा?"

बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं. मी म्हटलं, "हो, झालं कमी."

"खोटी." तिच्या सुकलेल्या ओठांवर हसू आलं. "भूगोल शिकवला मी. एका कूलरनं काय होते, मले समजत नाही का?"

"मंग काहून केलं वो असं?" मला आवाज आवरला नाही, नर्सनं वळून बघितलं.

"माह्या हातात तेवढंच बटण होतं," ती म्हणाली. "मोठं बटण ज्याइच्या हातात हाय, ते काही आपल्या हळदीकुंकवाले येत नाहीत."

मला वाटलं, बोलते आहे म्हणजे वाचली. मी पुण्याला भाच्याला फोन करून तसं सांगितलंही. पण तिच्या किडन्या बंद पडत गेल्या. भाचा आला, तो तिच्या उशाशी बसला असतानाच ती गेली.

तिला घरी आणलं तेव्हा दुपार चढली होती. सून आणि नात यायच्या होत्या, तोवर थांबायचं होतं. बाया जमल्या. भिंतींना हात लावला तर चटका बसत होता. गल्लीतल्या काही माणसांनी बघितलं की घरात कूलर आहे, आणि त्यांनी न विचारता टाकी भरली आणि बटण दाबलं. मयतीच्या घरी उन्हाळ्यात हे कुणीही करतं, त्यांचं काही चुकलं नाही. पण तो आवाज सुरू झाला आणि मी वळून कूलरकडे बघितलं. साऱ्या उन्हाळ्यात त्या घरानं तो आवाज फक्त माझ्या हट्टानं, तिच्या आंघोळीपुरता ऐकला होता.

खालची शेजारीण गडबडीनं उठली. तिनं मिक्सर सोडलेला, तिला नेमाची किंमत माहीत. "बंद करा नं तो, बाईंचा नेम होता," म्हणत तिनं बटणाकडे हात नेला. मी उठून तिचा हात धरला.

"चालू राहू द्या."

"पण त्याइनं सोडला होता नं."

"लागू द्या वारा तिले. हे ऊन तिनं नव्हतं तापवलं."

शेजारणीनं हात मागे घेतला आणि ती भिंतीला टेकून बसली. मी ताईच्या उशाशी गेले. तिच्या कपाळावर केस येत होते, ते मी मागे सारत होते आणि कूलरच्या वाऱ्यानं ते परत पुढे येत होते.